चढाची शर्यत धावताय? या चुका टाळा

सपाटीवर दहा किलोमीटर तासाभरात मारणारे गडी सातपुड्याच्या पहिल्याच चढाला कमरेवर हात ठेवून उभे दिसतात. बहुतेकांचं घोडं अडतं ते घड्याळापाशी. मेहरूण तलावाकाठी सहा मिनिटांत किलोमीटर होतो, म्हणजे चढावर आठ तरी होईलच, असा त्यांचा हिशेब. पण व्हर्टिकल किलोमीटर प्रकारात पाच किलोमीटरच्या आत १००० मीटर चढायचं असतं. तिथं किलोमीटरचा वेग बघण्यात अर्थ नाही. तासाला किती मीटर उंची गाठली ते बघा. घड्याळात ती सोय नसेल तर सोबत्याशी बोलून बघा. पहिल्या अर्ध्या टप्प्यातच वाक्य तुटत असेल, तर तुम्ही जास्त जोर लावताय.

चालायची लाज ही दुसरी चूक. चढ पंधरा अंशांच्या पुढे गेला, की त्याच संथ वेगानं धावण्यापेक्षा चालायला कमी ताकद लागते. पावलं छोटी ठेवा, तळवे मांडीवर रेटा. कमरेत मोडू नका, छाती दबते आणि धाप वाढते.

पोटरीत गोळा आला तर थांबा, टाच टेकवा, चवडा हळूहळू स्वतःकडे ओढा. पुढं सपाट दगड मिळेल तिथं पूर्ण पाऊल टेकवत, वाट रुंद असेल तर नागमोडी चढा. सगळा चढ चवड्यांवर काढला, की हे व्हायचंच. आपल्याकडे सराव बहुतेक तापीकाठच्या सपाट रस्त्यांवर होतो, पोटऱ्यांना चढाची सवयच नसते. धुळेकरांना लळिंगचा किल्ला जवळ आहे, आठवड्यातून एकदा तरी चढा. बाकीच्यांनी निदान जिने शोधावेत.

एक लिटरचं ओआरएसचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका, पोट बिघडतं. आदल्या रात्री शेवभाजीचा झणझणीत रस्साही नको (खान्देशी माणसाला हे सांगणं अवघडच!). सकाळी केळं खा, ते कुठंही मिळेल.

दिवाळीनंतर वाळलेल्या गवतावर पाय सटकतो आणि कुसळं मोज्यांत घुसतात. खोल खाचांचे बूट आणि घोट्याच्या वर जाणारे मोजे घाला.

तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. हिवाळ्यात तिथं घामानं भिजलेला टी-शर्ट अंगावर वाळवत बसलात तर हुडहुडी भरते. कोरडे कपडे आयोजक वर पोचवणार का, आणि खाली यायला गाडी आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारा.