जुन्या युनिक्सचं टर्मिनल बदलण्याआधी हे तपासा

वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये स्को युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा स्टॉकचा प्रोग्रॅम अजून सापडतो. सर्व्हर कुरकुरत का होईना चालतो, आधी मरतं ते वाइज-६० टर्मिनल, म्हणजे सर्व्हरला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड. मग मालक म्हणतात, "तसलंच जुनं कुठून तरी मिळवा, पैशाचं बघू." मिळतंही, पण भंगाराला सोन्याचा भाव द्यावा लागतो. मी त्यांना आधी लॅपटॉप जोडायला सांगतो.

खरी अडकवणूक एस्केप कोडमध्ये, म्हणजे पडद्यावर कुठे काय करायचं हे टर्मिनलला सांगणाऱ्या खुणांमध्ये आहे. कर्सर सहाव्या ओळीत, अकराव्या रकान्यात न्यायचा असेल तर डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी-१०० टर्मिनलला एस्केप, चौकोनी कंस, ६, अर्धविराम, ११ आणि एच एवढं पाठवावं लागतं. वाइजला एस्केप, बरोबरचं चिन्ह, टक्का आणि तारा. ओळ-रकाना शून्यापासून मोजून ३२ मिळवायचे. ३७ म्हणजे टक्का, ४२ म्हणजे तारा. प्रत्येक कंपनीची अशी वेगळी तऱ्हा. बिल जॉयने बर्कलीत टर्मकॅप केलं ते यावरच: सगळ्या टर्मिनलांचे कोड एका फाइलीत, प्रोग्रॅमने तिथून वाचायचे. सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेत तेच काम टर्मइन्फो करतं. तुमचा प्रोग्रॅम या फाइलीला विचारतो का, एवढंच शोधायचं आहे.

लॅपटॉपवरून पुटी या टर्मिनल प्रोग्रॅमने लॉगिन करा, टर्म व्हेरिएबल (टर्मिनल कुठलं ते सांगणारी सेटिंग) व्हीटी-१०० करा आणि आधी व्हीआय हा एडिटर उघडा. व्हीआय नीट दिसला म्हणजे जोडणी ठीक. मग स्टॉकचा प्रोग्रॅम. तोही नीट उमटला तर सुटलात, कुठलंही टर्मिनल चालेल. पण स्क्रीनभर टक्के आणि तारे विखुरले, तर कोड प्रोग्रॅमच्या पोटातच कोरलेले आहेत. गंमत म्हणजे एस्केप आणि बरोबरचं चिन्ह व्हीटी-१०० गिळून टाकतं, कारण त्याच्याकडे त्याचा अर्थ 'नंबर पॅडचा मोड बदल' असा आहे. म्हणून नंबर पॅडही वेडं वागायला लागतं आणि लोक उगाच कीबोर्ड बदलतात. अशा वेळी पुटीचा नाद सोडा. वाइज-६० ची नक्कल करणारा एम्युलेटर लागेल.

आता किल्ल्या. एफ-वन दाबल्यावर स्कोच्या कन्सोलला वेगळा कोड अपेक्षित असतो, व्हीटी-१०० ला वेगळा. पुटीच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये फंक्शन किल्ल्यांसाठी 'स्को' हा पर्याय आहे, तो करून बघा. बॅकस्पेस दाबल्यावर नुसतं टोपी (^) आणि एच उमटत असेल तर तिथेच तो कंट्रोल-एचऐवजी १२७ करा किंवा एसटीटीवाय या युनिक्सच्या कमांडने इरेजची किल्ली बदला. चौकटीच्या रेषांच्या जागी दोन टिंबांचा ए दिसला तर कॅरेक्टर सेट (अक्षरांचा तक्ता) सीपी-४३७ करा. स्क्रीन अचानक गोठली तर घाबरू नका, कुणीतरी कंट्रोल-एस दाबलंय, कंट्रोल-क्यू दाबा.

सिरियल केबल असेल तर वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, इथून सुरुवात करा.

आयबीएमच्या मेनफ्रेमच्या ३२७० टर्मिनलला हे काही लागू नाही. तिथे केबल कोॲक्सिअल, अक्षरं एब्सिडिक या आयबीएमच्या स्वतःच्या संकेतातली आणि किल्लीगणिक नव्हे, अख्खा पडदा एकदम पाठवायची पद्धत. तो जोडण्याचा प्रश्नच वेगळा.

सगळ्यात विसरला जातो तो प्रिंटर. वाइजच्या मागच्या पोर्टला लावलेल्या डॉट मॅट्रिक्सवर चलन निघत असतं आणि ते छापायला सुरुवात करण्याचा कोडही टर्मिनलप्रमाणे बदलतो. त्यामुळे मालक लांबून बघून "चालतंय की" म्हणाले तरी बिल फाडू नका. स्टोअरच्या काकांना बसवा. कीबोर्डकडे न बघता ते आवक नोंदवतील, एक चूक मुद्दाम खोडतील, चलन काढतील. कागद बाहेर आला, त्यावर आकडे जागच्या जागी पडले, की जुनं टर्मिनल उचला.