सरकारी बँकेत, कंपनीत घोटाळा दिसला तर काय करायचं

पीएनबीच्या (पंजाब नॅशनल बँक) मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस ब्रांचचा घोटाळा 2018 मध्ये बाहेर आला, रक्कम 13 हजार कोटींच्या वर गेली, आणि झालं कसं तर स्विफ्टवरून, म्हणजे बँका एकमेकींना संदेश पाठवतात त्या यंत्रणेवरून, हमीपत्रं जात होती पण बँकेच्या मेन सिस्टीममध्ये त्यांची एन्ट्रीच नव्हती, शिवाय एकच अधिकारी वर्षानुवर्षं त्याच ब्रांचला. म्हणून रोजच्या रोज दोन्हीकडचे आकडे जुळवाच, आणि पासवर्ड साहेबांनी मागितला तरी द्यायचा नाही म्हणजे नाही. जो कधी रजाच घेत नाही त्याचं काम आधी तपासा.

तक्रार करायची तर दिल्लीला सीव्हीसीच्या (केंद्रीय दक्षता आयोग, केंद्राच्या बँका-कंपन्यांतल्या भ्रष्टाचारावर लक्ष ठेवतो) सचिवांच्या नावाने, पीआयडीपीआयखाली, म्हणजे घोटाळा उघड करणाऱ्यांसाठीच्या योजनेखाली, नाव गुप्त ठेवतात. बंद पाकीट पोस्टाने पाठवा, पाकिटावर पीआयडीपीआय असं ठळक लिहा, स्वतःचं नाव मात्र बाहेर अजिबात नको, ते आतल्या पत्रात, कारण निनावी पत्र या योजनेत घेतच नाहीत. ऐकीव गोष्टी नकोत, व्हाउचर नंबर, तारीख, रक्कम द्या. पोच येत नाही, घाबरू नका, नाव फुटू नये म्हणूनच ते तसं करतात.

एसटी, महावितरण वगैरे राज्य सरकारच्या संस्था, तिथे कुणी लाच मागितली तर एसीबीला (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) 1064 वर फोन करा.