घोडा धरणाऱ्यानं घोडाच धरायचा

गणपतीचे दिवस होते. आमच्या संस्थेत अपंग मुलांना उपचारासाठी घोड्यावर बसवतात, त्याचं सकाळी सातचं सत्र चालू होतं आणि कुंपणापलीकडून ढोलांचा टेम्पो गेला. कुणीतरी एकदम टिपरू हाणलं. घोडी दचकून बाजूला सरली, वर बसलेला सात वर्षांचा मुलगा उजवीकडे कलला. घोडीचा दोर माझ्या हातात होता. तो सोडून मी मुलाकडे झेपावले. मोकळी झालेली घोडी चार पावलं पुढे गेली. उजव्या बाजूनं चालणाऱ्या स्वयंसेवक मुलीनं त्याच्या कमरेचा पट्टा सोडला नाही, ती घोडीबरोबर चालत राहिली, म्हणून तो पडला नाही. तिला आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. मला दोन वर्षं.

सत्र संपल्यावर घोड्यांची निगा राखणारे साईसचाचा एवढंच म्हणाले, "दीदी, बच्चे के पास दो जने थे। घोड़ी के पास कौन था?"

पुढे त्याच संस्थेत स्वयंसेवकांची जबाबदारी माझ्याकडे आली. इंदुरात आता पुष्कळ मुलंमुली अशा कामाबद्दल विचारतात. फिजिओथेरपीचे विद्यार्थी असतात, रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या ओळखीच्या घरांतली कॉलेजची पोरं असतात, नुकत्याच निवृत्त झालेल्या काकूही असतात. त्यांना मी पहिल्यांदा हाच प्रसंग सांगते.

आधी काम समजून घ्या. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वर-खाली हलते. त्यामुळे वर बसलेल्याच्या कमरेला जी हालचाल मिळते ती माणसाच्या स्वतःच्या चालीशी फार जुळते. घोडा मिनिटाला साधारण शंभर पावलं टाकतो. म्हणजे वीस मिनिटांत मुलाच्या धडाला दोन हजार वेळा तोल सावरावा लागतो. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसलेल्या मुलाकडून खोलीत बसवून एवढा सराव कोण करून घेणार? ही हालचाल फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट उपचार म्हणून वापरतो तेव्हा तिला हिप्पोथेरपी म्हणतात. प्रशिक्षक मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे घोडेस्वारी शिकवतो ती उपचारात्मक घोडेस्वारी. पालकांशी बोलताना या दोन्हींची गल्लत करू नका. मूल चालायला लागेल, बोलायला लागेल असं आश्वासनही कधी देऊ नका. उमेद हवी असेल तर डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांची गोष्ट सांगा. 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत ताकद उरली नाही, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. त्यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला ठरावीक चालींत नेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक घेतलं. पण त्या आजाराआधीपासूनच पट्टीच्या स्वार होत्या, हेही त्याच दमात सांगा.

एका मुलामागे तीन माणसं लागतात. एक घोडा धरणारा, दोघं साइडवॉकर, म्हणजे मुलाच्या दोन्ही बाजूंनी चालणारे. प्रशिक्षक वेगळा. साइडवॉकर मुलाच्या मांडीवर आडवा हात ठेवून, त्याच हाताच्या बोटांनी खोगिराची कड धरून चालतो. ज्याला तेवढा आधार नको असतो त्याच्या नुसतं जवळून चालायचं. हात भरून येतो, बाजू बदलावी लागते. बदलताना घोडा थांबवायचा आणि एका वेळी एकानंच हलायचं. धोका झाला तर घोडा धरणारा घोड्याच्या डोक्यापाशी उभा राहतो, उजवा साइडवॉकर मुलाचा पाय रिकिबीतून मोकळा करतो आणि डावा मुलाला उतरवून घेऊन लांब नेतो. तिघांची कामं ठरलेली. मी त्या दिवशी तिसऱ्याचं काम करायला गेले आणि माझं सोडलं. आता आम्ही दर महिन्याला, घोड्यावर मूल नसताना, एका हलक्या अंगाच्या स्वयंसेवकाला वर बसवून हा सराव करतो. शहाण्या माणसाचा हातही मुलाकडेच धावतो. शंभरदा केल्यावर तो दोरावर राहायला शिकतो.

नव्या माणसाला पहिले दोन आठवडे मुलांजवळ पाठवत नाही. खरारा करायचा, लीद उचलायची, पाणी भरायचं, चाचा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसा कसतात ते बघायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं हवं, पायात बंद बूट हवेत. घोड्याला जवळजवळ चोहोकडचं दिसतं, पण कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत जायचं. कान मागे चिकटले, शेपूट झटकायला लागली, ओठ आवळले, की त्याला काहीतरी नकोसं झालं आहे. हे ओळखायला दोन आठवडेही कमीच आहेत.

आमच्या भागात वरातीतल्या घोड्या सहज मिळतात आणि देणगीत येतातही. गर्दीची, वाजंत्रीची सवय असल्यामुळे त्यातली एखादी फार गुणी निघते. पण जिला ढोल ऐकला की पुढचे पाय उचलून नाचायला शिकवलं आहे ती आपल्या कामाची नाही, मग देणगीदार कितीही मोठा असो. असा नकार देणं स्वयंसेवकप्रमुखाच्या वाट्याला येतं. घोडी सत्राला येणार की नाही हे मात्र चाचा ठरवतात. ते "आज नहीं" म्हणाले की नाही. घोड्याला ओकता येत नाही, साधी पोटदुखीसुद्धा जिवावर बेतू शकते. ती आधी त्यांच्या नजरेला दिसते. शिकलेल्या स्वयंसेवकांना हे ऐकणं जड जातं, म्हणून सकाळचा पहिला चहा चाचांना द्यायचा आणि त्यांच्यासमोर बसून प्यायचा, असा मी रिवाज ठेवला आहे.

मुलांच्या बाबतीतही आधी कागद बघायचे. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांचं लेखी मत हवं, कारण काही मुलांच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. फिट्स आटोक्यात नसतील, खुबा सरकलेला असेल, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय घोडा नाही. आई गेटवर हात जोडून उभी असली तरी नाही. स्पर्श कुठे आणि कशासाठी होणार हे पालकांना आधी करून दाखवायचं. मोठ्या मुलीच्या बाजूला स्त्री साइडवॉकरच द्यायच्या. कुठलंही मूल एकट्या स्वयंसेवकाबरोबर ठेवायचं नाही. फोन पेटीत.

आता भाषेचं. आमच्या घरांत आजी "थांब" म्हणते, शाळेत "रुको" म्हणतात, प्रशिक्षकाच्या तोंडी "होल्ड" असतं. स्वमग्न मुलाला हे तीन वेगळे आवाज आहेत. म्हणून आईला विचारून एका मुलासाठी एकच शब्द ठरवतो आणि तो त्याच्या कार्डावर लिहून ठेवतो. "चल" मराठी-हिंदी दोन्ही भाषांत तोच, याचं मला अजूनही सुख वाटतं. सूचना एकानंच द्यायची. दिल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेक नवे स्वयंसेवक तीनवरच पुन्हा बोलतात, आणि सातव्या-आठव्याला येणारं उत्तर पुसून टाकतात. साइडवॉकरांनी मुलाच्या पाठीवरून एकमेकांशी गप्पा मारणं मला अजिबात खपत नाही.

माणसं जमवताना हिशेब असा ठेवा. दोन घोडे म्हणजे सहा माणसं, वर दोन राखीव. पण वहीत बारा नावं हवीत, कारण मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा आणि पुढे लग्नं. नावं आहेत म्हणून कुणालाही घेतलं तर ती खोगीरभरती होते आणि तिचा भार मुलावर पडतो. मी किमान तीन महिने, आठवड्याचा ठरलेला एकच वार मागते. प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांना मी हलकं समजत नाही. आमची सर्वांत भरवशाची मुलगी प्रमाणपत्रासाठीच आली होती. तिला एक मूल, एक घोडी आणि एक बाजू नेमून दिली. त्या मुलाला मंगळवारी डावीकडे तीच लागते. कुणी गळायला लागलं की ओरडू नका, फोन करून विचारा. पुष्कळदा त्याला आपलं नेमकं काम काय, हेच कुणी सांगितलेलं नसतं.

पुढच्या शिक्षणाला हे उपयोगी पडतं का? पडतं. फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपीकडे जाणाऱ्याला तोल म्हणजे काय ते हातानं कळतं. विशेष शिक्षक व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडे नोंदणी लागते. आमचा अनुभव त्याची जागा घेत नाही. रोज काय पाहिलं याच्या दोन ओळी मात्र वहीत लिहा. "आज छान झालं" असं नको. "चार फेऱ्यांत दोनदा डावीकडे झुकला, तिसऱ्या फेरीत स्वतः सरळ झाला" असं लिहा. थेरपिस्टला तेच वाचायचं असतं.

मे महिन्यात साडेसहाला सुरू करून आठच्या आत आटपतो. पावसाळा जास्त अवघड. माळव्याची काळी माती खुरांना गोळ्यांसारखी चिकटते, रिंगणात रेती टाकली तरी दोन दिवसांच्या झडीनंतर पाय घसरतोच. सत्र रद्द करायचं तर मी पहाटे साडेपाचला ठरवते आणि पहिला फोन आईला करते, कारण वार ठरलेलं मूल बूट घालून बसलेलं असतं. ज्यांना जमेल त्यांना तरीही या म्हणते. परवाच्या झडीत तोच मुलगा आला, गणपतीतला. आता नऊ वर्षांचा आहे. पत्र्याखाली घोडी बांधलेली होती, मी दोर धरून उभी होते. त्याने मानेपासून खांद्यापर्यंत खरारा केला, मग पाठीवर, मग पुन्हा मानेपासून. घोडीनं खालचा ओठ सैल सोडला. त्यानं ते पाहिलं, हात थांबवला, मनात काहीतरी मोजलं आणि परत खरारा सुरू केला.