लाख टन की लाख क्विंटल? मोठ्या वजनांच्या हिशोबात या चुका टाळा

गाळप हंगामात पुण्यात शिवाजीनगरच्या साखर संकुलातून, म्हणजे साखर आयुक्तालयातून, येणारी आकडेवारी पाहा. ऊस लाख टनांत, साखर लाख क्विंटलमध्ये, आणि दोन्ही एकाच तक्त्यात. पहिली गफलत इथेच होते. समजा, १०० लाख टन ऊस गाळून १०० लाख क्विंटल साखर झाली. डोळे झाकून भागाकार केला तर उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचं प्रमाण, येतो १०० टक्के, म्हणजे पाणी, चिपाडं, मळी, सगळ्याचीच साखर! दहा क्विंटलचा एक टन, त्यामुळे साखर १० लाख टन आणि उतारा १० टक्के. आधी दोन्ही आकडे टनांत आणा, मग भागा.

इंग्रजी अहवालातलं 'एमटी' त्याहून घातक. दोन्ही अक्षरं कॅपिटल असतील तर आपल्याकडे ते बहुधा मेट्रिक टन, म्हणजे १,००० किलो. टी स्मॉल असेल तर मेगाटन, म्हणजे १० लाख टन. दहा लाख पटींचा फरक, तोही एका शिफ्टच्या बटणावर. कोणी हौसेनं अख्खं हेडिंग कॅपिटल केलं की झालंच कल्याण! मग एक्सेलला दोष देऊन उपयोग नाही; मूळ तक्त्याची तळटीपच शोधावी लागते.

'मेगा म्हणजे कोटी' असं धरणारेही पुष्कळ. मेगा म्हणजे दहा लाख. एक कोटी टन म्हणजे १० मेगाटन, १०० कोटी टन म्हणजे १ गिगाटन. कार्बनवरच्या पेपरांत पेटाग्रॅम दिसला तर बिचकू नका, तोही गिगाटनच. पेटाग्रॅममध्ये उपसर्ग ग्रॅमला लागतो आणि एका टनात मुळातच दहा लाख ग्रॅम असतात, म्हणून नाव पुढं सरकतं.

टीएमसी (अब्ज घनफूट) हे तर वजनच नाही, घनफळ आहे. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता सुमारे २९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, आणि घनमीटरभर पाणी साधारण एक टन. म्हणजे चारही धरणं भरली की सुमारे ८२ कोटी टन पाणी, ०.८२ गिगाटन. ही युक्ती पाण्यापुरतीच. गाळाला किंवा वाळूला लावाल तर फसाल.

परदेशी स्क्रॅपच्या कोटेशनवर नुसतं 'टन' असेल तर मेल टाकून विचारा. अमेरिकी शॉर्ट टन ९०७ किलोचा, ब्रिटिश लाँग टन १,०१६ किलोचा.