टायटॅनिक ग्राफपेपरवर कसं शोधायचं

टायटॅनिक १९८५ ला सापडलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते ७३ वर्षं का सापडत नव्हतं आणि मग नेमकं कसं सापडलं हे वाचून तितकंसं डोक्यात शिरत नाही, स्वतः ठिपके मांडले की लख्ख कळतं. मी हे पहिल्यांदा भाचीबरोबर मे महिन्याच्या सुट्टीत केलं, दोन तास गेले आणि ती जागची हलली नाही. म्हणून इथे पूर्ण पद्धत लिहितोय, मुलांबरोबर करा किंवा एकट्याने करा, पण एक विनंती, खरं ठिकाण आधी गूगल करू नका, शेवटी मी देतोच आहे.

सामान शाळेतलंच. ए-फोर साइझचा मिलिमीटरवाला ग्राफपेपर, पट्टी, खोडरबर, कॅल्क्युलेटर आणि पेन्सिल, पण पेन्सिल खरोखर टोकदार हवी, का ते पुढे कळेल.

आधी स्केल. अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १८५२ मीटर, हे कुठेही गेलात तरी साधारण तेवढंच. रेखांशाचं मात्र तसं नाही, ध्रुवांकडे जाताना रेखांश जवळ जवळ येत जातात, त्यामुळे टायटॅनिक बुडालं त्या भागात रेखांशाचं १ मिनिट फक्त पाऊण सागरी मैल भरतं. बहुतेकांची चूक इथेच होते, दोन्हीकडे सारखंच अंतर धरतात आणि सगळा नकाशा ताणला जातो. आपण १ सेंटिमीटरला २ सागरी मैल धरू (पुढे नुसतं मैल म्हटलं तरी सागरी मैलच). म्हणजे उभं, अक्षांशाचं १ मिनिट ५ मिलिमीटर आणि आडवं, रेखांशाचं १ मिनिट पावणेचार मिलिमीटर. कागद उभा धरा, तळाला ४१ अंश ३० मिनिटं उत्तर, वर ४२ अंश ६ मिनिटं, डावीकडे ५० अंश २५ मिनिटं पश्चिम आणि उजवीकडे ४९ अंश ५० मिनिटं. लक्षात ठेवा, पश्चिम रेखांश आहे, त्यामुळे आकडा डावीकडे वाढत जातो, आपल्या भारताच्या नकाशाच्या उलट.

आता ठिपके. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री बर्फाला धडकल्यावर जहाजाने वायरलेसवर पहिलं ठिकाण पाठवलं ४१ अंश ४४ मिनिटं उत्तर, ५० अंश २४ मिनिटं पश्चिम. तो ठिपका काढा, त्याला १ म्हणा. थोड्या वेळाने फोर्थ ऑफिसर जोसेफ बॉक्सहॉलने नवं गणित करून दुसरं ठिकाण दिलं, ४१ अंश ४६ मिनिटं, ५० अंश १४ मिनिटं. हा ठिपका २. पुढची सगळी वर्षं जगाने हाच खरा मानला. बॉक्सहॉल त्या रात्री वाचला, १९६७ ला वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा याच ठिकाणी समुद्रात सोडली. ठिपका २ काढताना मला दर वेळी ते आठवतं, कारण त्या माणसाने घाईत, बुडत्या जहाजावर उभं राहून हे गणित केलं होतं आणि लोक वाचले ते त्याच गणिताच्या जोरावर.

पण ठिकाण चुकलं होतं. आणि ही गोष्ट १९१२ मध्येच कागदावर आली होती! माउंट टेम्पल नावाची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी बरोब्बर ठिपका २ च्या भागात पोचली, तिथे बर्फाशिवाय काही नव्हतं, आणि तिच्या कॅप्टन मूरने अमेरिकन सिनेटच्या चौकशीत सरळ सांगितलं की टायटॅनिक याच्या पूर्वेला असणार. दुसरा पुरावा तुम्ही स्वतः गणिताने काढा. कार्पेथिया ही बोट दक्षिण-पूर्वेकडून मदतीला येत होती, तिने स्वतःपासून ठिपका २ पर्यंतचं अंतर ५८ मैल धरलं होतं आणि साधारण साडेतीन तासांत तिला पहिली लाइफबोट भेटली. भागाकार करा, ताशी साडेसोळा मैल येतात. त्या बोटीचा नेहमीचा वेग चौदाच्या आसपास. इंजिनवाल्यांनी त्या रात्री जिवाचं रान केलं हे खरंच, पण चौदाचं इंजिन इतकं पळत नाही, त्यापेक्षा अंतरच कमी होतं हे जास्त पटतं. म्हणजे लाइफबोटी तिच्या बाजूला, पूर्वेकडे होत्या.

दोन्ही चौकशांचे, अमेरिकन आणि ब्रिटिश, जबाब नेटवर फुकट वाचायला मिळतात, जरूर वाचा, साक्षीदार बोलत असतो तेव्हा एखादं वाक्य असं सुटतं की त्याला स्वतःलाही त्याची किंमत माहीत नसते.

ठिपका ३ तर माझा सगळ्यात आवडता. कॅलिफोर्नियन बोट सकाळी तिथे आली, लोक शोधले, कुणी मिळालं नाही, आणि तरंगत्या सामानाचं ठिकाण तिच्या कॅप्टन लॉर्डने दिलं ४१ अंश ३३ मिनिटं, ५० अंश १ मिनिट. मांडा. बघा किती खाली आणि किती उजवीकडे गेला! तरंगतं सामान म्हणजे खुर्च्या, लाकूड, कॉर्क, हे सगळं तोवर कित्येक तास पाण्याबरोबर वाहत आलेलं, आणि त्या भागात थंड प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो, हिमनगही त्यानेच आणलेले. म्हणजे सामान जिथे दिसलं तिथून प्रवाहाच्या उलट दिशेला गेलं की जहाज बुडाल्याची जागा यायला हवी. ठिपका ३ पासून सरळ वर, उत्तरेला, एक फिकट रेघ ओढा.

किती वर थांबायचं? ठिपका १ आणि २ कडे परत या. दोघांचा अक्षांश जवळजवळ तोच आहे, फक्त दोन मिनिटांचा फरक, म्हणजे उत्तर-दक्षिण बाबतीत दोघांचं पटतंय, सगळं भांडण पूर्व-पश्चिमेचं आहे. तेव्हा ४१ अंश ४५ मिनिटांवर एक आडवी रेघ मारा. दोन रेघा छेदतात तिथे छोटी फुली करा. ही तुमची जागा. तिच्याभोवती ५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन काढा, फुली मधोमध. म्हणजे १० मैल गुणिले १० मैल, १०० चौरस सागरी मैल. ठिपका २ त्या चौकोनाच्या बाहेर पडला ना? पडायलाच हवा.

आता जहाज किती मोठं ते बघा. टायटॅनिक २६९ मीटर लांब, तुमच्या स्केलवर पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. पेन्सिलचा ठिपकाच जहाजापेक्षा मोठा होतो. आणि वर जवळजवळ ३८०० मीटर पाणी, उजेड काही शे मीटरवरच संपलेला, रडार चालत नाही, चालतो तो फक्त आवाज. साइडस्कॅन सोनार म्हणजे लांब केबलला बांधून तळाच्या जवळून ओढायचं यंत्र, ते दोन्ही बाजूंना आवाज सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतून चित्र करतं. शेतात नांगराची तासं मारतात तशा ओळीने रेघा मारत जायचं, वळायचं, परत यायचं. फक्त इथे नांगराची दोरी कित्येक किलोमीटर लांब असते, त्यामुळे एकेका वळणाला तासन्तास जातात आणि खालचं यंत्र नेमकं कुठे आहे हेही वेगळं मोजावं लागतं. टेक्सासचा तेल उद्योगपती जॅक ग्रिम, त्याने १९८०, ८१ आणि ८३ असे तीन उन्हाळे पैसा ओतला, बरोबर चांगले शास्त्रज्ञ होते, तरी मिळालं नाही.

१९८५ ला फ्रान्सची इफ्रेमेर आणि अमेरिकेची वुड्स होल या दोन समुद्र-संशोधन संस्था एकत्र आल्या. त्यांचाही चौकोन ठिपका २ च्या पूर्वेला होता. मोहीम दोन टप्प्यांची, आधी ल सुरुआ या फ्रेंच जहाजाने जाँ-लुई मिशेलच्या हाताखाली सोनारने चौकोनाचा बहुतेक भाग नांगरून काढला, जोरदार प्रवाहाशी झगडत, आणि सोनारची पट्टी जहाजाला थोडक्यात चुकली. माझ्या मते या लोकांचं श्रेय नेहमी कमी सांगितलं जातं, कुठे नाही हे त्यांनी आठवड्यामागून आठवडे राबून ठरवून दिलं आणि त्यामुळेच पुढच्यांना कमी भाग उरला. उरलेल्या भागासाठी वुड्स होलचा रॉबर्ट बॅलार्ड नॉर जहाज घेऊन आला तेव्हा हातात जेमतेम १२ दिवस होते, कारण त्याआधी त्याला अमेरिकन नौदलाचं गुप्त काम करायचं होतं, स्कॉर्पियन या बुडालेल्या पाणबुडीची पाहणी. आदल्या वर्षी थ्रेशर पाणबुडीची केली होती.

आणि सगळा शोध फिरला तो इथे. या पाहण्यांत त्याला दिसलं होतं की पाणबुडी फुटली की जड तुकडे सरळ खाली जातात, हलके प्रवाहाबरोबर लांब जाऊन पडतात, तळावर पसाऱ्याची लांबच लांब शेपूट तयार होते. बॅलार्डने ठरवलं, जहाज शोधायचंच नाही, शेपूट शोधायची. शेपूट मैलभर तरी असेल आणि ती प्रवाहाच्या दिशेने पसरलेली असेल, मग आपण तिला आडव्या रेघा मैलभर अंतरावर मारल्या तरी एक ना एक रेघ तिला कापणारच. सोनारवर खडक आणि लोखंड दोन्ही ठिपकेच दिसतात, म्हणून त्याने आर्गो हा कॅमेऱ्यांचा सांगाडा ओढला, डोळ्यांनी बघायला.

हे कागदावर करून बघाच. जोडीदाराला चौकोनाच्या झेरॉक्सवर तुम्हाला न दाखवता कुठेही ५ मिलिमीटरची एक उभी रेघ काढायला सांगा, ती शेपूट. तुम्ही दुसऱ्या झेरॉक्सवर ५ मिलिमीटर अंतराने आडव्या रेघा मारा, दहा-अकरा रेघांत चौकोन संपतो. दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीला लावा. शेपूट कापली गेलेलीच दिसेल, ती चुकवायला जागाच नाही. मग हाच खेळ नुसत्या ठिपक्यावर खेळा, बहुतेक वेळा हरणार. वेळेचा हिशेबही करून टाका, समजा कॅमेऱ्याला ३० मीटरची पट्टी दिसते आणि वेग ताशी १ मैल, तर सगळा चौकोन इंच न् इंच बघायला सहाशेवर रेघा, प्रत्येकीला १० तास, आठ महिन्यांहून जास्त, वळणं वेगळी. मैलभर अंतराने दहा-अकरा रेघा मारल्या तर साडेचार दिवस. त्याच्याकडे दिवस होते बारा.

१ सप्टेंबर १९८५, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला, कित्येक दिवस नुसता चिखल दिसल्यानंतर पडद्यावर माणसाने केलेल्या वस्तू यायला लागल्या आणि मग एक मोठा गोल बॉयलर. पाळीवर मिशेल होता, तोही आता नॉरवर होता, जुन्या फोटोशी ताडून खात्री केली. बॅलार्ड खोलीत होता, त्याला उठवायला आचारी धावत गेला. सगळे ओरडले, नाचले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की घड्याळात दोन वाजत आलेत, जहाज २ वाजून २० मिनिटांनी बुडालं होतं. ते सगळे डेकवर गेले आणि गप्प उभे राहिले. खाली दीड हजार माणसं गेली होती.

हीच पद्धत दुसऱ्या जहाजांना लावताना एक फरक करा, ज्या बोटीला वायरलेसच नव्हतं तिला ठिपका १ आणि २ नसतात. आपली १८८८ सालची वीजळी, म्हणजे वैतरणा ही बोट, कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येताना वादळात गेली, एकही माणूस परत आला नाही, तिच्यासाठी शेवटचं कुणी कुठे पाहिलं एवढाच धागा. अशा वेळी मासेमारी करणाऱ्यांना विचारा, त्यांना तळ माहीत असतो, कुठे जाळं अडकून फाटतं ते तोंडपाठ असतं. १९६६ ला स्पेनमध्ये पालोमारेसजवळ अमेरिकेचा अणुबॉम्ब समुद्रात पडला, तेव्हा तो कुठे पडला हे फ्रान्सिस्को सिमो या कोळ्याने पाहिलं होतं आणि बॉम्ब त्याने दाखवलेल्या भागातच मिळाला.

आता खरं ठिकाण मांडा. जहाजाचा पुढचा भाग ४१ अंश ४३ मिनिटं ५७ सेकंद उत्तर, ४९ अंश ५६ मिनिटं ४९ सेकंद पश्चिम. तुमच्या फुलीपासून पट्टी लावा, साधारण दीड सेंटिमीटर, म्हणजे तीन मैल, चौकोनाच्या चांगलं आत. ठिपका २ पासून साडेसहा सेंटिमीटर, १३ मैल. आणि मागचा भाग तुटून वेगळा पडलाय, पुढच्यापासून सुमारे ६०० मीटर दक्षिणेला, तुमच्या कागदावर दीड मिलिमीटर खाली. पेन्सिलला पुन्हा टोक करा आणि तोही ठिपका द्या, दोन्ही एकमेकांना चिकटू देऊ नका.