सॉनी रोलिन्सच्या उत्तरकाळातली लाइव्ह रेकॉर्डिंगं जमवताय? या चुका टाळा

इंदूरमध्ये जॅझ ऐकणारी मंडळी मोजकी, पण चिवट. अलीकडे त्यांत कॉलेजातली मुलंही येऊ लागलीत, आणि फिरून फिरून त्यांतली बरीच अमेरिकन जॅझवादक सॉनी रोलिन्सच्या टेनर सॅक्सोफोनपाशी मुक्काम करतात. याचा मला मनापासून आनंद आहे. मुलं हार्ड डिस्क घेऊन घरी येतात, ‘काका, हे बघा काय काय मिळालं’ म्हणतात, आणि पहिला फोल्डर उघडला की त्याच त्या चुका समोर येतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

आधी हे उत्तरकाळाचं प्रकरण काय ते. रोलिन्सचा जन्म १९३०चा. १९५०च्या दशकातल्या त्याच्या तबकड्या जॅझ ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. १९६०चं दशक संपत आलं तेव्हा तो मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला, पुढे काही काळ जाहीर वाजवणंच थांबवलं, आणि १९७२मध्ये नवा अल्बम घेऊन परतला. तिथून २०१२पर्यंत, चाळीस वर्षं, तो जगभर वाजवत फिरला. १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात मुंबईतही वाजवून गेला. या काळातले त्याचे स्टुडिओतले अल्बम नीटनेटके आहेत, पण हात राखून वाजवलेले वाटतात. मंचावर तोच माणूस एकेका धूनवर कितीतरी वेळ रमायचा, साथीदारांना थांबवून एकटाच वाजवत राहायचा, मध्येच दुसऱ्याच गाण्याची ओळ गुंफून परत यायचा. अमीर खाँसाहेबांच्या गावात हे फोड करून सांगायला नको. ध्वनिमुद्रिकेतले खाँसाहेब आणि कुणाच्या घरच्या बैठकीत टेपवर सापडलेले खाँसाहेब यांत जो फरक, तोच इथे. म्हणून तर ही जमवाजमव.

अधिकृत तबकड्या न ऐकताच सुरुवात

‘रोड शोज’ या नावानं रोलिन्सनं स्वतः चार भाग काढले: २००८, २०११, २०१४ आणि २०१६. त्यांतल्या पहिल्याच भागात १९८० ते २००७ या काळातल्या वेगवेगळ्या गावच्या मैफली आहेत, आणि निवड करताना चाहत्यानं जमवलेल्या टेपांचाही आधार घेतलेला आहे. नवशिक्यांना हे चार भाग विकत घेऊन ऐकायला वेळ नसतो, टेराबाइट भरायला मात्र असतो. आधी हे ऐका. चांगलं लाइव्ह रेकॉर्डिंग कसं वाजतं याची कानाला ओळख झाल्याशिवाय तुमच्या हाती आलेलं बरं की वाईट, हे कळणार कसं? आणि जे बाजारात रीतसर मिळतं ते आपापसांत वाटायचं नाही. माझ्या घरात तरी हा नियम आहे.

खरखर काढून टाकणं

या चुकीवर मी जास्त बोलणार आहे, कारण हिच्यामुळे झालेलं नुकसान भरून येत नाही.

रामबागेतल्या एका कुटुंबातले थोरले भाऊ नोकरीनिमित्त जर्मनीत होते. १९८०च्या दशकात तिकडच्या रेडिओवर जॅझ मैफली लागायच्या. ते आपल्या कॅसेट डेकवर त्या भरून घ्यायचे आणि कुणी इंदूरला यायला निघालं की त्याच्या बॅगेत कॅसेटी पाठवायचे. आतल्या कागदावर बारीक, सुवाच्य अक्षरात गाव, तारीख, वादकांची नावं. त्यांतल्या काही रोलिन्सच्या होत्या. पुढे घर आवरायला काढलं तेव्हा त्या एका उत्साही मुलाच्या हाती लागल्या. त्यानं त्या यूएसबीला जोडायच्या स्वस्तातल्या प्लेअरवर लावल्या, सॉफ्टवेअरनं खरखर काढली, आवाज चढवला, सगळ्याचं एमपीथ्री केलं आणि मोठ्या आनंदानं माझ्याकडे आला. ‘काका, ऐका. एकदम चकाचक केलंय. खरखर शोधून सापडणार नाही.’

खरखर नव्हतीच. पण सुरुवातीला रोलिन्स एकटा वाजवतो त्या जागी प्रत्येक सूर शेवटाला कात्रीनं कापल्यासारखा तुटत होता. झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या वाजत होत्या. मी विचारलं, ‘अरे, याची फुंकर कुठे गेली?’ त्याला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, ‘हरकत नाही, कॅसेटी घेऊन ये, पुन्हा भरू.’ तर म्हणाला, ‘त्या सुक्या कचऱ्यात दिल्या काका. कॉपी झाली होती ना. जागा फार खात होत्या.’ सकाळच्या कचरागाडीत कॅसेटी गेल्या, त्यांच्याबरोबर ते कागदही गेले. मुलगा गुणी आहे, पुढे खूप शिकला. पण त्या मैफली आता जगात कुठे असतील तर दुसऱ्या कुणाच्या घरी, आपल्याकडे नाहीत.

असं का होतं ते समजून घ्या. सॉफ्टवेअर शांत जागेतल्या खरखरीचा नमुना घेतं आणि तशाच कंपनांचा आवाज सगळीकडून वजा करतं. सॅक्सोफोनच्या रीडभोवती, म्हणजे तोंडाजवळच्या पातळ पट्टीभोवती, जी हवा सळसळते, सूर विरताना जी नुसती फुंक उरते, ती बरोबर त्याच पट्ट्यात असते. यंत्राला दोन्ही सारखीच. रोलिन्स एकटा वाजवतो तेव्हा ओळींमधली शांतता आणि श्वास हाच तर ऐकण्याचा भाग, आणि कात्री नेमकी तिथेच चालते.

माझी पद्धत सांगतो. शहरात जुने डेक दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडून चांगला डेक नीट करून घ्यावा. प्रत्येक कॅसेटआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसावं. मग हेडचा कोन जुळवायचा: बाजूचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवत राहायचं, झांजांचा आवाज सर्वांत मोकळा होतो तिथे थांबायचं. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचं हेड तुमच्या हेडपेक्षा थोडं तिरकं असू शकतं, म्हणून हे प्रत्येक कॅसेटला नव्यानं. डॉल्बी (डेकमधली खरखर दाबायची सोय) लावून भरलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तर आवाज टोचतो, उलट केलं तर दबतो; कव्हरवरच्या खुणेवर विश्वास न ठेवता दोन्ही करून ऐकावं. भरायचं २४ बिटमध्ये, ठेवायचं फ्लॅकमध्ये (एमपीथ्रीसारखा आवाजातला काही भाग न टाकणारी फाइल), आणि त्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. काही सुधारावंसं वाटलंच तर वेगळी कॉपी काढून त्यावर हौस भागवा. कॅसेट आणि तिचा कागद, दोन्ही जपून ठेवायचे. खरखरीचं म्हणाल तर दहा मिनिटांत कान तिला बाजूला सारतो, त्याला तेवढा अवसर द्या.

तारखांचा घोळ

अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो, आपण दिवस आधी लिहितो. एवढ्याशा गोष्टीनं संग्रहांची वाट लागलेली मी पाहिली आहे.

२०१०मध्ये रोलिन्स ऐंशी वर्षांचा झाला. वाढदिवस ७ सप्टेंबरचा, मैफल १० सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये. अमेरिकेतून आलेल्या फाइलवर ती तारीख ९-१०-२०१० अशी असते. आपल्याकडच्या एका शिस्तप्रिय गृहस्थांनी ती ९ ऑक्टोबर समजून सगळे फोल्डर ‘व्यवस्थित’ लावले. अडचण अशी, की त्याच ऑक्टोबरात रोलिन्स जपानच्या दौऱ्यावर होता, आणि तिथल्या मैफलींची रेकॉर्डिंगंही त्यांच्याकडे होती. मग न्यूयॉर्कची मैफल जपानच्या फोल्डरात जाऊन बसली, गावाचं नाव बदललं, आणि ही दुरुस्त यादी त्यांनी पुढे वाटली. त्यांच्याकडून घेणाऱ्यांनी आणखी पुढे वाटली. अजूनही कुणीतरी मला ती ‘जपानची दुर्मीळ मैफल’ म्हणून आणून देतो.

पाच मिनिटं ऐकलं असतं तरी कळलं असतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये रोलिन्सबरोबर ऑर्नेट कोलमनचा आल्टो सॅक्सोफोन आहे, तो बीकनमध्ये पाहुणा म्हणून आला होता. ड्रमवर रॉय हेन्स, बासवर क्रिश्चन मॅकब्राइड. दौऱ्यावरचा बँड हा नव्हे.

म्हणून मी तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहितो: २०१०-०९-१०. फोल्डर आपोआप क्रमानं लागतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. फाइलवरच्या नावावर न थांबता साथीदार ऐकून काळ ताडायची सवय लावा. ट्रॉम्बोन असला तर तो बहुधा रोलिन्सचा भाचा क्लिफ्टन अँडरसन, म्हणजे रेकॉर्डिंग १९८०च्या दशकातलं किंवा नंतरचं. बासवरून मात्र काही ठरवू नका, बॉब क्रॅनशॉ कितीतरी दशकं त्याच्याबरोबर होता. शेवटच्या धूनवरूनही ठरवू नका. त्याच त्या कॅलिप्सोवर, म्हणजे कॅरिबियन बेटांकडच्या नाचऱ्या धूनवर, तो वर्षानुवर्षं मैफल संपवायचा.

आणखी एक कायमची गफलत: ‘९/११ कॉन्सर्ट’ नावाची त्याची जी तबकडी आहे ती ११ सप्टेंबरची नाही, न्यूयॉर्कचीही नाही. रोलिन्स जुळ्या मनोऱ्यांपासून थोड्याच अंतरावर राहायचा. त्याला घर सोडावं लागलं, बाहेर पडताना त्यानं सॅक्सोफोन बरोबर घेतला, आणि १५ सप्टेंबर २००१ला बॉस्टनमध्ये तो वाजवायला उभा राहिला. फोल्डरवर हे नीट लिहा. एवढा मान त्या मैफलीला दिलाच पाहिजे.

आलेख बघून निकाल देणं

कुणीतरी शिकवतं की स्पेक्ट्रोग्राममध्ये (कोणत्या उंचीचा आवाज किती, ते दाखवणाऱ्या आलेखात) १६ किलोहर्ट्झच्या वर काही दिसत नसेल तर ती एमपीथ्रीची नक्कल. अर्धी गोष्ट खरी आहे. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बरीच दाबलेल्या, एमपीथ्रीत साधारण तिथेच कापलेलं दिसतं. पण एफएम रेडिओच मुळात १५ किलोहर्ट्झपर्यंत आवाज पाठवतो. युरोपातल्या रेडिओवरून भरलेली उत्तम कॅसेट आलेखात अगदी तशीच दिसणार, आणि रोलिन्सची चांगली रेकॉर्डिंगं बरीचशी याच वाटेनं आलेली आहेत. नीट पाहिलं तर फरक दिसतो: कॅसेटची स्वतःची खरखर १५च्या वरही विरळ पसरलेली असते, कधी १९ किलोहर्ट्झवर एक बारीक सरळ रेष असते, ती एफएम स्टिरिओच्या पायलट सुराची (स्टिरिओ ओळखता यावा म्हणून केंद्र सोबत पाठवतं तो सूर). एमपीथ्रीत वरचा भाग चौकोनी तुकड्यांनी भोकं पाडल्यासारखा दिसतो. हे न बघता फाइल फेकून देणारे घाईत असतात, आणि घाईत कान वापरायचा राहतोच.

पट्टी न तपासणं

कॅसेट थोडी जलद किंवा हळू चालली की सूर सरकतो. आपल्या घरांत पेटी असते, तिचा उपयोग करा. त्याची ‘सेंट थॉमस’ ही धून सहसा पांढरी एकमध्ये, ‘टेनर मॅडनेस’ काळी पाचमध्ये. पहिली धून काळी एकला लागत असेल तर टेप सुमारे सहा टक्के जलद आहे. पेटी जुनी, उतरलेली असेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर बघा. जवळजवळ दीड अर्धस्वर खाली आलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर कॅसेटला दोष देऊ नका. ४८ किलोहर्ट्झवर भरलेली फाइल कुणीतरी ४४.१ समजून वाजवलेली असते, आणि तासाची मैफल पाच मिनिटांनी लांबलेली असते. ही दुरुस्ती जरूर करा, पण कॉपीवर, आणि काय केलं ते सोबतच्या टिपणात लिहून.

बाकीच्या थोडक्यात. टाळ्या आणि निवेदन कापू नका, रोलिन्स साथीदारांची नावं सांगतो तोच तुमचा पुरावा. कॅसेटची बाजू बदलताना तुटलेला भाग दुसऱ्या रात्रीच्या मैफलीतून जोडू नका, हा खोटेपणा आहे. सॅक्सोफोन मध्येच लांब गेल्यासारखा वाटला तर लगेच टेप खराब समजू नका. हा माणूस वाजवता वाजवता मंचभर फिरायचा, आणि वाद्यावर माईक नसला की आवाजही त्याच्याबरोबर फिरायचा. एमपीथ्रीचं फ्लॅक करून ‘उत्तम प्रत’ म्हणून कुणाला देऊ नका.

पावसाळ्यात कॅसेटीला पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट ठिपके दिसले तर ती डेकमध्ये घालायचीच नाही, ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट या कामाला वाईट. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि श्रावण संपला की पुड्या बदलतो. हार्ड डिस्कच्या दोन प्रती, एक घरी, एक देवासला बहिणीकडे.

विकत मागणाऱ्याला काहीही देऊ नका आणि स्वतः पैसे घेऊ नका. आणि कुणाच्या घरी जुन्या कॅसेटी निघाल्या, डेक नसला, तर माझ्याकडे घेऊन या. कागदासकट आणा, पुसू नका, वाजवून बघू नका. भरून झाल्या की कॅसेटी तुमच्या तुम्हाला परत मिळतील, फक्त मला माझ्या वेगानं करू द्या.