गेमचा नाद की व्यसन? घरी कसं ओळखाल, काय कराल

मूल किती तास खेळतं यावर व्यसन ठरत नाही. सुट्टीत चार तास खेळून शाळा उघडल्यावर तासाभरावर येणाऱ्या मुलाची चिंता नको. रोज दोनच तास खेळणारं, पण त्यापायी क्लास बुडवणारं आणि ताटावरून उठणारं मूल काळजीचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर हा आजार आहे, पण तासांची मर्यादा त्यात नाही. तीन गोष्टी बघतात: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं खेळाच्या मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं. तेही साधारण १२ महिने, आणि घर, अभ्यास, मैत्री यांची खरोखर वाताहत होत असेल तर. परीक्षेनंतरचा पंधरा दिवसांचा धुमाकूळ यात बसत नाही.

आधी दोन आठवडे काहीही न बदलता वहीत नोंद ठेवा: कधी सुरू, कधी बंद, काय बुडालं, थांबवल्यावर काय झालं. शेवटचा रकाना सर्वांत बोलका. दहा मिनिटांची धुसफूस चालते; रोज आदळआपट, रात्री लपून खेळणं किंवा खोटं बोलणं दिसलं तर पुढे सरका.

मर्यादा घालताना बहुतेक घरं घड्याळ लावून फसतात. बीजीएमआय या लढाईच्या मोबाइल गेममध्ये एरँगल नावाच्या नकाशावरची एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते. तीस मिनिटांनी फोन बंद पडला की मूल ऐन शेवटच्या झोनमध्ये टीमला सोडून जातं, मित्रांच्या शिव्या खातं आणि राग तुमच्यावर काढतं. म्हणून मिनिटं नकोत, मॅच मोजा. ‘दोन मॅच’ ठरवा आणि फॅमिली लिंक या गुगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपमध्ये त्या गेमला ७५ मिनिटं द्या, म्हणजे लॉबीतला, मॅच सुरू होण्याची वाट बघण्याचा वेळही धरला जातो. गेमच्या नोटिफिकेशन बंद करा. रोज लॉगिन केल्यावर मिळणारी बक्षिसं मुलाला हाक मारून बोलावतात.

गेम डिलीट करू नका. खातं सर्व्हरवर असतं, पुन्हा डाउनलोड केलं की सगळं जसंच्या तसं परत. गेला तो फक्त तुमच्यावरचा विश्वास. रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आई-बाबांचेसुद्धा. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा आणि यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका.

सहा-आठ आठवडे नेटाने करूनही फरक नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. खेळामागे नैराश्य, एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) किंवा शाळेतला छळ दडलेला असू शकतो. नुसता फोन काढून हे मूळ कारण जात नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर २०१४ पासून यासाठी ‘शट’ क्लिनिक आहे. मुलाने जीव देण्याची भाषा केली, तर मात्र आठवडे मोजत बसू नका. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठा.